दहा हजार ल्यांगवरून तीनशेवर, आणि पुन्हा दहा हजारांवर: छिंग छिनवांग पदवीचे प्रकरण

१८४२ साली बीजिंगच्या त्सुंगरनफूकडे, म्हणजे राजवंशातल्या माणसांचा कारभार पाहणाऱ्या कार्यालयाकडे, एक तक्रार चौकशीला आली. छिंग च्युनवांग, म्हणजे दुसऱ्या दर्जाची राजपदवी असलेला, यित्साइ याने शोककाळ पाळायचा असताना उपपत्नी घरात आणली होती. एवढ्यावर कदाचित दंड किंवा पदावनती होऊन भागले असते. पण यित्साइने प्रकरण मिटवण्यासाठी लाच दिली. त्याच वेळी नात्याने त्याचा चुलता लागणाऱ्या म्येनशिंगनेही लाच दिली, आणि तिचा हेतू उलटा होता: यित्साइ गेला की पदवी आपल्याकडे यावी. दोन्ही लाचा उघडकीला आल्या. यित्साइची पदवी काढून घेतली गेली आणि म्येनशिंगची रवानगी मांचुरियातल्या शंगजिंगला, आजच्या शनयांगला, झाली.

सहासष्ट वर्षांनी, १९०८ मध्ये, हीच पदवी सर्वांत वरच्या, म्हणजे छिनवांगाच्या, पायरीवर कायमची वंशपरंपरागत झाली. ती ज्याला मिळाली तो यिक्वांग हद्दपार झालेल्या म्येनशिंगचाच मुलगा होता. मांचू, म्हणजे तेव्हा चीनवर राज्य करणाऱ्या छिंग वंशाच्या, राजपदव्यांचा वारसा समजून घ्यायला यापेक्षा चांगले घराणे नाही, कारण नियमाची जवळजवळ प्रत्येक बाजू या एकाच वंशात वापरली गेली: पायरी उतरणे, सवलत, दत्तक, शिक्षा, बढती आणि शेवटी कायम वारसा.

आधी नावाचा घोंटाळा दूर करायला हवा. देवनागरीत राजवंशही ‘छिंग’ आणि ही पदवीही ‘छिंग’, पण चिनी लिपीत दोन्ही अक्षरे वेगळी आहेत. राजवंशाच्या अक्षराचा अर्थ ‘निर्मळ’. पदवीच्या अक्षराचा अर्थ ‘आनंद, उत्सव’, आणि तेच अक्षर ज्याछिंग या सम्राटाच्या राजवटीच्या नावात येते. त्यामुळे ‘छिंग छिनवांग’ म्हणजे ‘छिंग वंशाचा राजपुत्र’ नव्हे. शिवाय ते गावाचे किंवा जहागिरीचे नावही नाही. मांचू राजपुत्रांच्या पदवीपुढे लागणारे अक्षर शुभ गुणाचे असे, आणि त्यामागे राज्य करायला कुठलाही प्रदेश नसे. पदवीधर राजधानीत राहत, सम्राटाच्या नजरेसमोर. हे अक्षर फक्त वरच्या दोन दर्जांना मिळे, म्हणून ‘छिंग बेइले’ असा उल्लेख कुठे दिसला तर तो काटेकोर बोलायचे तर चूक आहे.

शिडी आणि तिचा तनखा

राजवंशीयांसाठी बारा दर्जे होते, आणि वरच्या दोन दर्जांच्या नियुक्त वारसांचे दोन वेगळे दर्जे धरले तर चौदा. सर्वांत वर छिनवांग, मग च्युनवांग, बेइले, बेइसे. त्याखाली ‘गुंग’चे चार प्रकार: राज्यरक्षक आणि राज्यसाहाय्यक, आणि या दोन्हींत ‘आठ हक्कांत बसणारा’ व ‘न बसणारा’. हे आठ हक्क म्हणजे राजवंशाचा पाया घालणाऱ्या नुरहाचीच्या काळात आठ घराण्यांत लूट आणि मान वाटून घेण्याची जी रीत होती, तिची उरलेली खूण. त्याखाली च्यांगच्युन, म्हणजे शब्दशः सेनापती, यांचे चार दर्जे: चनक्वो, फुक्वो, फंगक्वो आणि फंगन. त्यांच्या हाताखाली सैन्य असेलच असे नाही. ही पदवी होती, नेमणूक नव्हे.

हा फरक कागदावर केवढा होता ते तनख्यावरून कळते. छिनवांगाला वर्षाला १०,००० ल्यांग चांदी मिळे. एक ल्यांग सुमारे ३७ ग्रॅमचा, म्हणजे पावणेचारशे किलोच्या आसपास चांदी. च्युनवांगाला ५,०००, बेइलेला २,५००, बेइसेला १,३००, आठ हक्कांतल्या राज्यरक्षक गुंगला ७००, राज्यसाहाय्यक गुंगला ५००. पहिल्या प्रतीच्या चनक्वो च्यांगच्युनला ४१०, आणि तिथून साधारण पंचवीस-पंचवीस ल्यांगने उतरत तळाच्या फंगन च्यांगच्युनला ११०. प्रत्येक ल्यांगमागे एक हू तांदूळ वेगळा. हू म्हणजे सुमारे ५० लिटरचे माप. वरच्या पायऱ्यांवर उत्पन्न दर वेळी निम्मे होते, खालच्या पायऱ्यांवर थोडेथोडेच घटते. म्हणून भांडणे, लाचा आणि अर्ज वरच्या पायऱ्यांभोवती फिरतात.

वारशाचा साधा नियम असा: बाप गेला की एकाच मुलाला बापापेक्षा एक पायरी खालची पदवी. पण ही उतरण अमर्याद नव्हती. छ्यानलोंग सम्राटाच्या काळात तळ ठरवले गेले. छिनवांगाचा वंश उतरत राज्यरक्षक गुंगपर्यंत येई आणि तिथे कायम थांबे. च्युनवांगाचा राज्यसाहाय्यक गुंगवर. बेइले आणि बेइसे यांचे वंश आठ हक्कांत न बसणाऱ्या गुंगवर. बाकीच्या मुलांना आईच्या दर्जाप्रमाणे, म्हणजे पट्टराणी, दुय्यम पत्नी की उपपत्नी यावरून, खालच्या पदव्यांचा हक्क असे, पण त्यासाठी विसाव्या वर्षी परीक्षा द्यावी लागे: मांचू भाषांतर, घोड्यावरून तिरंदाजी आणि पायी तिरंदाजी. तिन्हींत उत्तम ठरला तर पूर्ण पदवी, कमी पडला तर त्या मानाने खालची, आणि फारच कमी पडला तर काहीच नाही.

या सगळ्याच्या वर अपवाद म्हणून काही घराणी होती ज्यांची पदवी उतरतच नसे. लोक त्यांना ‘लोखंडी टोपीचे राजे’ म्हणत. सरकारी भाषेत ‘पिढ्यान्‌पिढ्या न बदलता’. राज्य उभारणाऱ्या आठ घराण्यांना हा मान होता, आणि १७७८ साली छ्यानलोंगने तो नव्याने पक्का केला. नंतर कृपेने आणखी चार: योंगचंग सम्राटाच्या काळात यी, १८७० च्या दशकात गोंग आणि छुन, आणि सर्वांत शेवटी छिंग.

योंगलिनपासून यित्साइपर्यंत

घराण्याचा मूळ पुरुष योंगलिन हा छ्यानलोंगचा सतरावा मुलगा आणि ज्याछिंग सम्राटाचा सख्खा धाकटा भाऊ. सम्राटाचा मुलगा म्हणून मोठी पदवी जन्मतःच मिळाली असेल असे वाटते, पण तसे नव्हते. १७८९ मध्ये, तेविशीच्या सुमाराला, तो फक्त बेइले झाला. १७९९ मध्ये बाप वारल्यावर भावाने त्याला च्युनवांग केले. आधी ‘हुइ’ हे अक्षर दिले आणि लगेच बदलून ‘छिंग’ केले. १८२० मध्ये तो मरणपंथाला लागला तेव्हा सम्राटाने त्याला छिनवांग केले, आणि त्याच महिन्यात तो गेला. म्हणजे या घराण्याने छिनवांगाचा दर्जा प्रत्यक्ष भोगला तो जेमतेम काही दिवस. पण ते दिवस फुकट गेले नाहीत. पुढच्या पिढीची मोजणी त्या वरच्या पायरीपासून सुरू झाली: मुलगा म्येनमिन नियमाप्रमाणे एक पायरी खाली, म्हणजे च्युनवांग झाला. योंगलिन च्युनवांग असतानाच वारला असता तर मुलगा बेइलेवर आला असता. मरणाच्या दारात मिळणारी बढती ही निव्वळ भावनेची गोष्ट वाटते. हिशोबात ती मुलाला २,५०० ऐवजी ५,००० ल्यांग मिळवून देत होती.

घराची गोष्टही इथेच सांगायला हवी. १७९९ मध्ये ज्याछिंगने हशन या अतिश्रीमंत दरबाऱ्याला आत्महत्येचा हुकूम दिला आणि त्याचा वाडा जप्त केला. त्याचा मोठा भाग योंगलिनला मिळाला. उरलेल्यात हशनची सून, म्हणजे योंगलिनची सावत्र बहीण, राहत होती. राजगादीचा पाऊस पडला तरी आपल्या डोक्यावर थेंब पडणार नाही, आपल्याला हशनचा वाडा मिळाला की पुरे, असे योंगलिन म्हणत असल्याची आख्यायिका आहे.

तो वारल्यावर म्येनमिनने जी यादी सादर करवली ती वाचण्यासारखी आहे. वाड्यात मुकुटाच्या आकाराचे माथे असलेल्या चार दरवाजांच्या चौकटी, आग विझवण्याच्या पाण्याचे ५४ रांजण आणि ३६ जोड्या पितळी पथदिवे होते. हे सगळे प्रजाजनाने वापरायच्या दर्जाबाहेरचे होते. हशनने ते स्वतःच्या हिमतीवर बसवलेले. काही बदलून, काही सरकारजमा करून म्येनमिन मोकळा झाला. सम्राटाने उत्तरात म्हटले की वीस वर्षे तिथे राहून योंगलिनने हे कळवले नाही हा दोषच होता, पण तो आता हयात नाही म्हणून खोलात जात नाही. चौकटीच्या माथ्याचा आकारही दर्जाप्रमाणे ठरलेला असे. छिनवांगाच्या वाड्याचा मुख्य दरवाजा पाच खणी, मुख्य दिवाणखाना सात खणी. पदवीबरोबर घर येई, आणि पदवी खाली गेली की घरही काढून घेता येई. नव्या वारसाने आल्या आल्या घराची झाडाझडती घेऊन स्वतःच कबुली द्यावी यातला शहाणपणा त्यामुळे कळतो.

म्येनमिन १८३६ मध्ये वारला. त्याच्यामागे वारस म्हणून दत्तक आला तो यित्साइ, छ्यानलोंगचा आठवा मुलगा योंगश्वेन याचा नातू. दत्तक कोणाला घेता येई हे नावाच्या पहिल्या अक्षरावरून ताडता येते. छ्यानलोंगच्या मुलांच्या नावात ‘योंग’, नातवांच्या ‘म्येन’, पणतूंच्या ‘यि’, पुढे ‘त्साइ’, मग ‘फू’. म्येनमिनचा वारस ‘यि’ पिढीचाच हवा. भाऊ भावाचा मुलगा होऊ शकत नाही. पितरांच्या पूजेची साखळी तुटते.

इथे नियम वाकवला गेला. च्युनवांगाचा वारस म्हणून यित्साइ बेइले व्हायला हवा होता. दाओक्वांग सम्राटाने पदवी आणखी एकदा न उतरवता द्यायला सांगितली आणि यित्साइ च्युनवांग झाला. दुसऱ्या शाखेतून आलेल्या दत्तकाला सवलतीने मिळालेली ५,००० ल्यांगची पदवी, आणि योंगलिनचे स्वतःचे दोन मुलगे, पाचवा म्येनती आणि सहावा म्येनशिंग, गुंगच्या पायरीवर. म्येनशिंगची लाच या परिस्थितीतून आली. तिचे समर्थन होत नाही, पण ती कुठून आली ते दिसते.

शिक्षेचा हिशोब

१८४२ च्या निकालात सगळ्यांत महत्त्वाचा भाग म्हणजे म्येनतीची नेमणूक, आणि वंशावळीवर वरवर नजर टाकणारे नेमके इथेच चुकतात. आदेश असा होता की म्येनतीने योंगलिनची पूजा चालवावी. म्येनमिनची नव्हे, यित्साइची तर मुळीच नव्हे. म्येनती हा म्येनमिनचा भाऊ, एकाच पिढीचा. तो त्याचा वारस होऊच शकत नव्हता. शिवाय यित्साइची पदवी शिक्षा म्हणून काढली गेली होती, त्यामुळे तिचा वारसा कोणाला मिळणार? म्येनतीकडे घराण्याची पूजा आली, ‘छिंग’ हे अक्षर आले नाही. तो आपल्या स्वतःच्या गुंग पदवीवरच राहिला, आणि लवकरच वेगळ्या दोषासाठी चनक्वो च्यांगच्युनवर उतरवला गेला.

छिनवांगाच्या वंशाला राज्यरक्षक गुंगचा तळ ठरलेला असताना हे घराणे त्याच्याही खाली कसे गेले? कारण तळ सरळ वारशाला होता, शिक्षेला नाही. मोजणी तुटली की जो माणूस पुढे येतो त्याच्या स्वतःच्या पदवीपासून ती नव्याने सुरू होते. १८४९ मध्ये म्येनती वारला. मुलगा नव्हता म्हणून हद्दपार भावाचा मुलगा यिक्वांग दत्तक दिला गेला. १८५० मध्ये, बाराव्या वर्षाच्या सुमाराला, त्याला मिळाली ती म्येनतीपेक्षा एक पायरी खालची पदवी: फुक्वो च्यांगच्युन. तनखा प्रतीप्रमाणे २६० ते ३३५ ल्यांग. तीस वर्षांपूर्वी याच घराण्याच्या नावावर १०,००० होते.

घरही गेले. एवढ्या खालच्या दर्जाच्या मुलाला तो वाडा शोभत नव्हता. १८५१ मध्ये श्येनफंग सम्राटाने तो आपला भाऊ यिशिन, गोंग छिनवांग, याला दिला आणि पुढच्या वर्षी तो तिथे राहायला गेला. बीजिंगला गेलेले प्रवासी आज जो गोंग वाडा पाहतात तो हाच. मधली पन्नास वर्षे तो छिंग घराण्याचा होता हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. यिक्वांगच्या वाट्याला तिंगफू रस्त्यावरचे घर आले, जे पूर्वी अफूयुद्धाच्या वाटाघाटींत बदनाम झालेल्या छीशानचे होते.

पायरी पायरीने वर

इथून पुढची चढण वारशाची नव्हे, कृपेची आहे. १८५२ मध्ये यिक्वांग एका उडीत बेइसे झाला. १८६० मध्ये श्येनफंगच्या तिसाव्या वाढदिवसाला बेइले. १८७२ मध्ये तोंगज सम्राटाच्या लग्नाला ‘च्युनवांगाचा मान’ मिळाला. हा शेवटचा शब्दप्रयोग नीट वाचायला हवा: मान मिळाला, पदवी नाही. तो वरच्या दर्जाच्या इतमामाने दरबारात उभा राहू शके, पण मुळात बेइलेच राहिला, आणि त्या वर्षी वारला असता तर वारसाची मोजणी बेइलेपासूनच झाली असती. या मानाला खरी पदवी समजून तारखा बारा वर्षे पुढेमागे करणारे लेखन बरेच आहे.

१८८४ मध्ये गोंग छिनवांगाला सत्तेवरून दूर केले गेले आणि परराष्ट्र कारभार पाहणारे कार्यालय यिक्वांगकडे आले. त्याच वर्षी तो खरा च्युनवांग झाला आणि बेचाळीस वर्षांनी ‘छिंग’ हे अक्षर घराण्यात परतले. १८९४ मध्ये राजमाता त्सिशीच्या साठीनिमित्त तो छिनवांग झाला. लग्न, वाढदिवस, साठी: बहुतेक बढत्या राजघराण्याच्या समारंभांना जोडलेल्या आहेत. कर्तृत्व हे कारण लेखी असायलाच हवे असे नव्हते. अर्थात हाताशी कामही होते. १९०१ मध्ये परकीयांविरुद्धच्या बॉक्सर उठावानंतरच्या करारावर चीनच्या वतीने ली होंगचांग आणि यिक्वांग या दोघांच्या सह्या आहेत. १९०३ पासून तो महामंडळाचा, म्हणजे सम्राटाच्या सर्वोच्च सल्लागार मंडळाचा, प्रमुख आणि १९११ मध्ये पहिला पंतप्रधान. लाच घेणारा म्हणून त्याचे नाव तेव्हाही कुप्रसिद्ध होते, आणि ज्या लाचेने बापाला हद्दपार केले त्याच सवयीसाठी मुलाचे नाव निघावे हे वाचताना मन खिन्न होते.

१९०८ च्या अखेरीस, क्वांगश्यू सम्राट आणि त्सिशी एका दिवसाच्या अंतराने वारले आणि तान्हा फूयी गादीवर आला त्या दिवसांच्या आसपास, पदवी कायम वंशपरंपरागत झाली.

‘कायम’ म्हणजे काय

हा शब्द घराण्याचे रक्षण करी, माणसाचे नाही. १८१५ मध्ये ली छिनवांग चाओल्येन याला वरिष्ठ दरबाऱ्याचा अपमान आणि आपल्या जमिनीवरच्या कुळाचा छळ केल्याबद्दल पदच्युत केले गेले. लोखंडी टोपी ली घराण्यात राहिली, डोके बदलले. पदवी भाऊबंदांतल्या दुसऱ्याकडे गेली. १८६१ च्या राजवाड्यातल्या उलथापालथीत यी आणि चंग या दोन घराण्यांच्या प्रमुखांना आत्महत्येचा हुकूम झाला आणि दोन्ही पदव्या आठ हक्कांत न बसणाऱ्या गुंगपर्यंत खाली आणल्या. १८६४ मध्ये त्या परत वर नेल्या. १९०१ मध्ये चुआंग छिनवांग त्साइश्युन यालाही आत्महत्येचा हुकूम झाला. म्हणजे खाली ओढण्याचा अधिकार सम्राटाकडे दोन्ही प्रकारच्या घराण्यांबाबत होता. फरक एवढाच की कायम घराण्याला वर परत नेताना पूर्वीची पायरी ठरलेली असे, आणि यिक्वांगसारख्याला प्रत्येक पायरी वेगळी मिळवावी लागे.

नोंद मात्र प्रत्येकाची ठेवली जाई. राजवंशाची वंशावळ दर दहा वर्षांनी नव्याने लिहिली जाई; हयात माणसांची नावे तांबड्या शाईत, मृतांची काळ्या. पदवी गेली तरी नाव राहत असे, म्हणूनच म्येनशिंगसारख्या हद्दपार माणसाच्या मुलाला दत्तक देता आले.

१९१२ मध्ये फूयीने गादी सोडली तेव्हाच्या सवलतींच्या करारात राजवंशीयांच्या पदव्या पूर्वीप्रमाणे चालू ठेवण्याचे कलम होते. जानेवारी १९१७ मध्ये यिक्वांग वारला. घरच्यांनी मरणोत्तर नाव मागितले. अकरा वर्षांच्या फूयीने राज्य बुडवणारा म्हणून त्याला वाईट अर्थाचे अक्षर द्यायचे ठरवले. वडीलधाऱ्यांनी समजूत घातल्यावर ‘मी’ या अक्षरावर तडजोड झाली. पूर्वीच्या चुका नंतर भरून काढणारा, असा मरणोत्तर नावांच्या यादीत त्या अक्षराचा अर्थ आहे.

१९०८ च्या हमीखाली या घराण्यात एकच वारसा झाला. थोरला मुलगा त्साइजन एकही पायरी न उतरता छिंग छिनवांग झाला, आणि त्याला मंजुरीचा आदेश मिळाला तो चिनी प्रजासत्ताकाचे अध्यक्ष ली युआनहोंग यांच्याकडून. १९२४ च्या नोव्हेंबरात फूयीला राजवाड्यातून बाहेर काढले गेले आणि सम्राटाची उपाधीच रद्द झाली. पुढच्या वर्षी त्साइजनने त्येनजिनमध्ये, राजवाड्यातला एकेकाळचा प्रमुख हिजडा श्याओ तजांग याने १९२२ मध्ये बांधलेला वाडा घेतला. तो त्याला दर्जाप्रमाणे कोणी नेमून दिला नव्हता. त्याने तो विकत घेतला होता.